लांब कागदांचा गोषवारा यंत्राकडून कसा करून घ्यावा

सुगीला शेतकऱ्याच्या घरांत जेवढीं पोतीं येतात, त्याहून अधिक कागद हल्लीं वर्षभरांत येतात असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. सोसायटीचा वार्षिक अहवाल, पीक विम्याचे नियम, कर्जाचा करारनामा, ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा शासन निर्णय, आणि गांवावरून रस्ता किंवा कालवा जाणार असला तर भूसंपादनाची अधिसूचना व निवाडा, असे हे कागद असतात. त्यांची भाषा अवघड, वाक्यें लांब, आणि ज्या एका ओळीवर आपलें नफानुकसान अवलंबून असतें ती ओळ कोठें दडली आहे हें पहिल्या वाचनांत कळत नाहीं. परिणामीं बहुतेक कागद न वाचतांच फडताळांत जातात, आणि मुदत टळल्यावर बाहेर निघतात.

ह्या अडचणीवर अलीकडे एक नवें साधन हातीं आलें आहे. चॅटजीपीटी हें कृत्रिम बुद्धिमत्तेचें साधन ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं लोकांस खुलें झालें. त्यामागून जेमिनी, क्लॉड वगैरे तशींच साधनें आलीं. शंभर पानांचा कागद ह्यांच्यापुढें ठेवला तर मिनिटाभराच्या आंत तीं त्याचा एक पानाचा गोषवारा मराठींत काढून देतात. आमच्या गांवांत जीं मुलें कॉलेजांत जातात, त्यांच्या मोबाइलमध्यें हें साधन आहे, आणि वडील माणसें आपले कागद त्यांच्याकडून वाचवून घेऊं लागलीं आहेत. ही गोष्ट चांगली आहे. परंतु हत्यार नवें असलें म्हणजे तें धरावें कसें हें आधीं शिकावें लागतें, नाहींतर हात कापतो. म्हणून ह्याविषयीं कांहीं अनुभवाच्या गोष्टी वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

एक घडलेली हकीकत

आमचे एक शेजारी बागाईतदार आहेत. त्यांची सव्वा एकर जमीन एका सार्वजनिक कामासाठीं संपादन झाली. निवाडा, त्यासोबतचीं मोजणीचीं व मूल्यांकनाचीं पत्रकें, आणि २०१३ चा भूसंपादन कायदा, मिळून दोनशेंवर पानें त्यांच्या घरीं आलीं. विहीर आणि आंब्याचीं झाडें मूल्यांकनांत धरलेलीं नाहींत हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें, व त्याबद्दल अर्ज करावयाचा त्यांचा विचार होता. तथापि घाई कांहींच दिसेना. मीं सहज विचारलें, तेव्हां त्यांचा मुलगा म्हणाला, "भाऊसाहेब, सगळे कागद मोबाइलला वाचायला दिले होते. अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. कांदा काढून झाला कीं बघूं."

मीं विचारलें, "निवाडा जाहीर झाला त्या दिवशीं वडील कचेरींत हजर होते काय?"

"होते तर. सहीसुद्धां केली."

हें ऐकून मीं कायद्याचें पुस्तक मागवून घेतलें आणि कलम ६४ काढून त्याला दाखविलें. त्या कलमांत मुदती एकाहून अधिक आहेत. जो मनुष्य निवाड्याच्या वेळीं जिल्हाधिकाऱ्यापुढें स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर होता, त्यानें निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवड्यांत अर्ज करावयाचा. इतरांनीं कलम २१ खालील नोटीस मिळाल्यापासून सहा आठवड्यांत, अथवा निवाड्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत, ह्यांपैकीं जी मुदत आधीं संपेल तिच्या आंत करावयाचा. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. त्यांपैकीं पस्तीस दिवस उलटून गेले होते. उशीर झाल्यास पुरेसें कारण दाखवून पुढें एक वर्षाच्या आंत अर्ज स्वीकारला जाऊं शकतो खरा, पण तें जिल्हाधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून. हक्कानें मागावयाचें तें विनंतीनें मागण्याची पाळी कशासाठीं आणावी? कांदा शेतांत राहिला, बापलेक दुसऱ्या दिवशीं वकिलाकडे गेले, आणि अर्ज मुदतींत दाखल झाला.

यंत्रानें खोटें सांगितलें होतें काय? नाहीं. 'सहा महिने' हे शब्द त्या कलमांत आहेतच. पण ते कोणासाठीं, कोणत्या अटीवर, आणि दुसरी कोणती मुदत त्यांच्या आधीं संपते, एवढें गाळलें गेलें. गोषवाऱ्यांतील प्रत्येक शब्द खरा असूनही गोषवारा चुकीचा असूं शकतो, हीच ह्यांतील मुख्य गोष्ट आहे.

हा दोष यंत्राचाच नव्हे

येथें प्रस्तुत लेखकास आपलीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. महसूल खात्यांत तीस वर्षांवर कारकुनी करण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि जाड्या फायलींचा गोषवारा करून साहेबांपुढें ठेवणें हें त्या कारकुनीचें नित्याचें काम होतें. नोकरीच्या आरंभीं दोन भावांच्या वांटणीच्या एका प्रकरणाचा गोषवारा मीं केला. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' ह्या रकान्यांत धाकट्या भावाच्या विहिरीवरील पाण्याच्या पाळीची नोंद होती. क्षेत्र, आकार, खातेदारांचीं नांवें सर्व मीं बिनचूक उतरून घेतलें, आणि ती एक नोंद किरकोळ समजून सोडून दिली. साहेबांनीं माझ्या गोषवाऱ्यावर विसंबून हुकूम केला. तो दुरुस्त होईपर्यंत धाकट्या भावाचे दोन हंगाम पाण्यावांचून गेले. त्या मनुष्यानें मला एक शब्दही दुरुत्तर केलें नाहीं, आणि म्हणूनच तें अजून मनांतून जात नाहीं.

गोषवारा करणें म्हणजे कांहीं ठेवणें व कांहीं गाळणें. काय गाळावयाचें हें ठरवितांना, हा कागद कोणाला कशासाठीं हवा आहे हें ठाऊक नसेल तर नेमकें हवें तेंच गाळलें जातें. हें मनुष्याच्या हातून होतें, आणि यंत्राच्या हातूनही होतें. फरक इतकाच कीं कारकुनाला साहेब जाब विचारतो. यंत्राला जाब विचारून उपयोग नाहीं. तेव्हां ती जबाबदारी वाचणाऱ्यानें आपल्याकडे घेतली पाहिजे.

यंत्र वाचतें म्हणजे काय करतें

ह्या यंत्रांची घडण थोडी समजली तर त्यांच्या चुका कोठें होतील तें आधींच ओळखतां येतें. पुस्तकें, वर्तमानपत्रें, कायदे अशा अफाट मजकुरावरून, कोणत्या मजकुरापुढें कोणता मजकूर येण्याचा संभव अधिक, ह्याचें गणित त्यांत बसविलेलें असतें. आपण कागद दिला म्हणजे यंत्र त्याचे लहान लहान तुकडे पाडतें, त्यांचा परस्परसंबंध लावतें, आणि एकामागून एक तुकडा जोडीत नवा मजकूर तयार करतें. ह्यांतून तीन गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट अशी कीं, नेहमीं आढळणारा सर्वसाधारण नियम गोषवाऱ्यांत सहज येतो. पण 'परंतु', 'मात्र', 'खेरीजकरून', 'यांपैकीं जें आधीं घडेल तें' अशा शब्दांनीं सुरू होणारे अपवाद गळण्याचा धोका असतो. आणि कायद्याच्या कागदांत शेतकऱ्याचें हित पुष्कळदां ह्या अपवादांतच असतें.

दुसरी गोष्ट, समोरच्या कागदांत जें नाहीं तें यंत्र आपल्या पूर्वीच्या साठ्यांतून भरून काढूं शकतें, आणि भरलेला मजकूर इतक्या सफाईनें लिहिलेला असतो कीं शंका येत नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्कच्या एका न्यायालयांत दोन वकिलांनीं चॅटजीपीटीनें पुरविलेले निवाडे आधार म्हणून दाखल केले. तसे निवाडे कधीं झालेच नव्हते! न्यायालयानें त्यांस व त्यांच्या पेढीस ५,००० डॉलरचा दंड केला. जेथें वकील फसले तेथें आपण सावध रहावें हें उघड आहे.

आपल्याकडील उदाहरण पीक विम्याचें घ्या. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तींत शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या खरिपास २ टक्के, रब्बीस दीड टक्का, आणि नगदी व बागाईती पिकांस ५ टक्के, ह्याहून अधिक नसावा असें ठरलें. महाराष्ट्रांत २०२३ च्या खरिपापासून राज्य शासनानें शेतकऱ्याचा वांटा स्वतः भरून केवळ १ रुपयांत विमा दिला. २०२५ च्या खरिपापासून तें बंद होऊन शेतकऱ्यानें आपला वांटा भरण्याची पूर्वीची रीत पुन्हां आली. ज्या यंत्राच्या साठ्यांत २०२३ व २०२४ सालचा मजकूर पुष्कळ आहे, तें 'महाराष्ट्रांत हप्ता १ रुपया' असें सांगून मोकळें होईल. खरिपांत ५०,००० रुपयांच्या विम्यास २ टक्क्यांनीं हप्ता १,००० रुपये होतो. एक रुपया आणि हजार रुपये ह्यांतील अंतर कोणासही समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तिसरी गोष्ट लांबीची. एका वेळीं किती तुकडे ध्यानांत धरतां येतील ह्याची प्रत्येक यंत्रास मर्यादा असते, आणि तोच मजकूर रोमन लिपींतल्या इंग्रजीपेक्षां देवनागरींत लिहिला असतां त्याचे तुकडे बहुधा अधिक पडतात. शिवाय मर्यादेंत बसणारा कागद असला तरी सर्व पानांकडे सारखें लक्ष पोंचतें असें नाहीं. २०२३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील व इतर संशोधकांनीं त्या वेळचीं यंत्रें तपासून दाखविलें कीं, हवी ती माहिती मजकुराच्या आरंभीं किंवा शेवटीं असली तर उत्तर बरें येतें, आणि मध्यें असली तर चुकण्याचा संभव वाढतो. त्यानंतर यंत्रें सुधारलीं, तथापि सावधगिरी सोडूं नये. आमच्या शेजाऱ्याचें कलम ६४ हें ११४ कलमांच्या कायद्यांत मध्यावरच येतें.

कागद देण्यापूर्वीं

यंत्राला कागद नीट वाचतां येतो कीं नाहीं हें आधीं पहावें. आपल्याकडे येणारे कागद तीन प्रकारचे असतात. ज्यांतील अक्षरें युनिकोड पद्धतीचीं आहेत ते बिनधोक वाचले जातात. जुन्या संगणकीय टंकांत लिहिलेल्या कागदांची गोष्ट वेगळी. डोळ्यांना ते स्वच्छ मराठी दिसतात, पण त्यांतील एखादी ओळ उचलून दुसरीकडे चिकटविली कीं इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा खिचडा उमटतो. असा कागद यंत्रास दिला तर तें त्या खिचड्यावरून अंदाजानेंच कांहींतरी रचण्याचा संभव असतो. ही परीक्षा एका ओळीवर करून पाहणें अर्ध्या मिनिटाचें काम आहे, आणि तें कधींही चुकवूं नये.

तिसरा प्रकार कागदाच्या छायाचित्राचा, म्हणजे स्कॅनचा. ह्यांत अक्षरें ओळखण्यांत चूक होते, आणि सर्वांत घातक चूक आंकड्यांची. १ आणि ९, ५ आणि ६ ह्यांची गल्लत होते. शिक्का बसलेला गट नंबर भलताच वाचला जातो. पत्रकांतील रकाना सरकून एकाचें क्षेत्र दुसऱ्याच्या नांवापुढें येतें. म्हणून स्कॅन सरळ, उजेडांत व सावली न पाडतां घ्यावा, आणि यंत्रानें वाचलेले आंकडे मूळ कागदाशीं ताडून पहावे. मोडी लिपींतील जुने दस्त ह्या यंत्रांवर सोंपवूं नयेत. ते मोडी जाणणाऱ्याकडूनच वाचून घ्यावेत.

आणखी एक सूचना. आधार क्रमांक, बँकेच्या खात्याचा क्रमांक, सहीचा नमुना हीं ज्या पानांवर असतील तीं पानें बाहेर काढावीं किंवा तेवढा मजकूर झांकून मग छायाचित्र घ्यावें. गोषवाऱ्यास त्यांची गरज नसते, आणि एकदां बाहेर गेलेला कागद परत आणतां येत नाहीं.

आधीं उतारा, मग गोषवारा

शेतकऱ्यास 'उतारा' हा शब्द नवा नाहीं. मूळ नोंदींत जें आहे तें जसेंच्या तसें उतरवून घेतलें तर तो उतारा. आपल्या शब्दांत थोडक्यांत सांगितलें तर तो गोषवारा. यंत्राकडून एकदम गोषवारा मागूं नये. प्रथम ज्या ज्या कलमांशीं आपला संबंध आहे त्यांचा उतारा पानाच्या व कलमाच्या क्रमांकासह मागावा, आणि त्या उताऱ्यावरून मग गोषवारा करून घ्यावा. असें केल्यानें गोषवाऱ्यांतील प्रत्येक वाक्य कोठून आलें ह्याचा माग ठेवतां येतो.

कागद पन्नास पानांहून मोठा असेल तर त्याचे भाग पाडावे. भाग पाडतांना पानें मोजून तोडूं नयेत. प्रकरण जेथें संपतें तेथें तोडावें, नाहींतर नियम एका भागांत व त्याचा अपवाद दुसऱ्या भागांत जातो. व्याख्यांचें प्रकरण मात्र प्रत्येक भागासोबत पुन्हां द्यावें, कारण 'शेतकरी', 'कुटुंब', 'बाधित व्यक्ति' ह्या शब्दांचा कायद्यांतील अर्थ आपल्या बोलण्यांतल्या अर्थाहून वेगळा असूं शकतो. प्रत्येक भागाचा गोषवारा झाल्यावर सर्वांचा मिळून एक करावा, आणि त्यांत कलमांचे क्रमांक कायम ठेवण्यास सांगावें.

सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कागद कशासाठीं वाचावयाचा तें यंत्रास आरंभींच सांगावें. 'ह्याचा गोषवारा कर' एवढेंच म्हटलें तर सर्वसामान्य वाचकाच्या उपयोगाचें लिखाण मिळतें. तें कोणा एकाच्याही उपयोगाचें नसतें. आपली स्थिति सांगितली म्हणजे यंत्र त्या अनुरोधानें निवड करतें. मी स्वतः जी आज्ञा लिहितों तिचा नमुना खालीं देतों. वाचकांनीं आपल्या कामाप्रमाणें तींत फेरफार करावा.

"मी जमीनमालक आहें. माझी जमीन संपादन झाली आहे आणि निवाड्याच्या वेळीं मी हजर होतों. सोबतचा कागद वाचून मला लागू असणारी कलमें जशींच्या तशीं, पान व कलम क्रमांकासह उतरून दे. त्यानंतर चार रकान्यांचें कोष्टक कर: कोणी काय करावयाचें, किती मुदतींत व ती मुदत कोणत्या दिवसापासून, रक्कम किंवा दर किती व तो कशावर, आणि त्यास अपवाद किंवा अट कोणती. फक्त ह्या कागदांतील मजकूर वापर. एखादी गोष्ट कागदांत नसेल तर 'ह्या कागदांत नाहीं' असें लिही. अंदाज करूं नकोस. जेथें दोन अर्थ निघत असतील तेथें दोन्ही दे."

'मुदत कोणत्या दिवसापासून' आणि 'दर कशावर' ह्या दोन शब्दसमूहांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. त्याच २०१३ च्या कायद्याच्या कलम ३० मध्यें बारा टक्क्यांची एक रक्कम सांगितली आहे. ती एकूण मोबदल्यावर नसून बाजारमूल्यावर मिळते, आणि ती सामाजिक परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून निवाड्याच्या किंवा ताबा घेतल्याच्या तारखेपर्यंत, यांपैकीं जें आधीं असेल तेथवरच मोजावयाची असते. 'बारा टक्के मिळतात' एवढा गोषवारा वाचून जो मनांत हिशेब मांडील त्याचा विरस होईल.

तसेंच कोणता कायदा लागू आहे तें कागदावरूनच ठरवावें. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन जात असेल तर अधिसूचना १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखालीं निघते, आणि त्याच्या कलम ३-ग प्रमाणें हरकत घेण्यास अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवस मिळतात. २०१३ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणें हीच मुदत ६० दिवसांची आहे. यंत्रास कागद न दाखवितां नुसतें 'भूसंपादनास हरकत घेण्याची मुदत किती' असें विचारलें, आणि त्यानें ६० दिवस सांगितले, तर महामार्गाखालीं जमीन जाणाऱ्याचे एकूणचाळीस दिवस केवळ भ्रमांत जातील.

गोषवाऱ्याची तपासणी

गोषवारा हातीं आल्यावर तो तपासल्याशिवाय त्यावर पाऊल टाकूं नये. माझी तपासणीची रीत अशी आहे.

एक: गोषवाऱ्यांतील प्रत्येक तारीख, रक्कम, टक्का व क्षेत्र ह्यांखालीं रेघ ओढावी, आणि सांगितलेलें पान उघडून प्रत्येक आंकडा मुळाशीं मिळतो कीं नाहीं पहावें. दोनशें पानांच्या कागदांत असे आंकडे वीसपंचवीसच निघतात. अर्ध्या तासाचें काम आहे. दिलेल्या पानावर तें वाक्य न सांपडल्यास तो आंकडा खोटा धरून चालावें.

दोन: उलट दिशेनेंही तपासावें. मूळ कागद मधेंच कोठेंही उघडून दोनतीन कलमें वाचावीं, आणि त्यांतील महत्त्वाची गोष्ट गोषवाऱ्यांत आली आहे काय तें पहावें. पहिल्या रीतीनें खोटें भरलेलें सांपडतें, दुसऱ्या रीतीनें गाळलेलें सांपडतें. बहुतेक लोक पहिली तपासणीही करीत नाहींत, आणि दुसरी तर कोणास सुचतच नाहीं. माझ्या हातून सुटलेली पाण्याच्या पाळीची नोंद दुसऱ्या रीतीनेंच सांपडली असती.

तीन: यंत्रास पुन्हां विचारावें, "तूं गोषवाऱ्यांतून काय गाळलेंस? 'परंतु', 'मात्र', 'तथापि' ह्या शब्दांनीं सुरू होणारीं सर्व वाक्यें उतरून दे." ह्या एका प्रश्नानें पुष्कळ वेळां नवी माहिती बाहेर येते. मात्र 'तुझें बरोबर आहे काय' असें नुसतें विचारूं नये. त्यास तें होय म्हणेल, किंवा आपण रागावलों असें वाटून बरोबर उत्तरही बदलील. त्याच्या होकाराला किंमत नाहीं. त्यानें दाखविलेल्या पानाला आहे.

चार: बेरीज, व्याज, दिवसांची मोजणी हीं कामें स्वतः कागदावर करावीं. भाषा जुळविण्यांत हीं यंत्रें जितकीं तरबेज आहेत तितकीं हिशेबांत भरंवशाचीं असतीलच असें नाहीं.

कोठें वापरावें, कोठें थांबावें

इतकें वाचून एखाद्यास वाटेल कीं मग स्वतःच सगळा कागद वाचलेला काय वाईट? तसें नाहीं. दोनशें पानांतून आपल्याशीं संबंध असलेलीं बारा पानें हुडकून काढणें, इंग्रजी कागदाचा आशय मराठींत समजून घेणें, गेल्या वर्षाचा व ह्या वर्षाचा शासन निर्णय शेजारीं शेजारीं ठेवून फरक दाखविणें, आणि वकिलाकडे जाण्यापूर्वीं काय विचारावें ह्याची यादी करणें, हीं कामें यंत्र उत्तम करतें. पूर्वीं ह्यांसाठीं तालुक्याला तीन खेपा व कोणाचीं तरी मनधरणी करावी लागे. ज्या शेतकऱ्याकडे माहितगार नातेवाईक नव्हता तो अंधारांत राही. आज तो आपल्या ओसरीवर बसून प्रश्न विचारूं शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या सोसायटीचा पन्नास पानी अहवाल सर्वसाधारण सभेपूर्वीं जर दहा सभासदांनीं अशा रीतीनें वाचला, आणि थकबाकी व राखीव निधि ह्यांविषयीं नेमके प्रश्न घेऊन ते आले, तर सभेचें स्वरूपच पालटेल.

परंतु सही करावयाची असेल, मुदत चालू असेल, अथवा पैसा किंवा जमीन हातची जाणार असेल, तेथें गोषवारा हा निर्णयाचा आधार होऊं शकत नाहीं. तो वाट दाखवितो इतकेंच. अशा वेळीं ज्या कलमावर सर्व अवलंबून आहे तें मूळ कलम स्वतः दोनदां वाचावें, आणि जाणत्या वकिलास दाखवावें. वकिलाकडेही गोषवारा घेऊन न जातां मूळ कागद घेऊन जावें.

आमच्या शेजाऱ्यांचें प्रकरण आतां पुढें गेलें आहे. त्याचा निकाल काय होईल तो होवो. त्यांचा मुलगा आतां आलेला प्रत्येक कागद यंत्राकडून वाचवून घेतो, आणि यंत्रानें सांगितलेलीं पानें वडिलांपुढें उघडून ठेवतो. वडील चष्मा लावून तीं बोट ठेवून वाचतात. मुलाला यंत्र ठाऊक आहे, वडिलांना आपली जमीन ठाऊक आहे. विहीर किती हात खोल, आंबे किती व कोणत्या सालचे, बांध कोणी सरकविला, हें कोणत्याही यंत्रास माहीत नाहीं. दोघांनीं मिळून वाचलेला कागदच खरा वाचलेला कागद होय. आमच्या वाचकांनीं आपापल्या घरीं ही रीत घालून पहावी, आणि फडताळांतील एखादा कागद ह्या महिन्यांतच बाहेर काढावा. त्यावरील मुदत अजून शिल्लक असेल.